आर्वो केटोलाच्या तीन दुर्बिणी

"माझं पीठ कुठंय?" हेल्मीनं विचारलं.

उत्तर तिच्या समोरच होतं. दहा पौंडी पिठाची पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीत आडवी पडली होती. तिच्या पोटात दाबून तीन खळगे केले होते आणि प्रत्येक खळग्यात बंदुकीवरची एकेक दुर्बीण निजवली होती. बंदूक नव्हती, ती कपाटात कुलूपबंद होती. नुसत्या तीन दुर्बिणी, एक लहान, एक मोठी आणि एक त्याहून मोठी. त्यांच्यामागे स्टुलावर वाकून बसला होता तिचा नवरा आर्वो केटोला, वय सत्तर, जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीवरून निवृत्त.

"दिवा बंद कर," तो म्हणाला. "माझा अंधार बिघडतोय."

"मला पाव करायचाय, आर्वो. अंधारात वेलदोडे कसे कुटू?"

"दहाच मिनिटं. पाच वीस ते पाच तीस. हरीण बाहेर पडतं ती खरी वेळ हीच."

हेल्मीनं दिवा बंद केला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट शिकली होती. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार उघडते आणि एक तारखेपासून नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांच्या लांपिला गावात त्या दिवशी शाळासुद्धा बंद असते. लग्न, बारसं, दाढदुखी, सगळं लोक डिसेंबरवर ढकलतात.

"पण जुन्या दुर्बिणीला काय झालं?"

"आंधळी झाली."

"दुर्बीण कशी आंधळी होईल? काच आहे ती."

"बत्तीस वर्षांची काच आहे. आतून धूसर झालीय."

"मी तर तिच्या दुप्पट वयाची. मी दिसते का धूसर?"

आर्वोनं डोळा दुर्बिणीला लावला. खरं उत्तर 'हो, संध्याकाळी जराशी' असं होतं, पण ते बायकोला देण्यासारखं नव्हतं.

दुर्बिणी आल्या होत्या क्लेम ट्रेमेनच्या दुकानातून. बंदुका, गळ, गमबूट आणि सल्ला या चार वस्तू क्लेमकडे बारा महिने मिळत, आणि चौथी फुकट असल्यानं सगळ्यात जास्त खपे. मंगळवारी सकाळी आर्वोनं त्याला सांगितलं, "मला सगळ्यात मोठ्या काचेची दे. संध्याकाळी दिसलं पाहिजे."

"मोठी काच म्हणजे जास्त उजेड, हा अडाण्यांचा समज आहे," क्लेम म्हणाला. "भागाकार कर. पुढची काच छप्पन्न मिलिमीटर, दाखवते आठ पट. छप्पन्न भागिले आठ?"

"सात."

"म्हणजे सात मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका तुझ्या डोळ्यावर पडणार. पण डोळ्याची बाहुली तेवढी उघडायला नको? विशीतल्या पोराची सात उघडते. तुझी पाच उघडली तर देवाचे आभार मान. बाकीचा उजेड गालावर सांडणार. गालानं हरीण दिसतं का तुला?"

"मग चाळीसची घेऊ?"

"चाळीस भागिले आठ, पाच. तुझ्या मापाची. पण काचेवरचा लेपही बघावा लागतो. चांगला लेप असला तर चाळीसची काच वाईट पन्नासला झोपवते." क्लेमनं चाळीस, पन्नास आणि छप्पन्न अशी तिन्ही खोकी पुढ्यात सरकवली. "दुकानातल्या दिव्याखाली सगळ्या सारख्याच दिसतात. घरी ने. लांबवरची अक्षरं लावायची आणि रोज संध्याकाळी बघायचं. जिच्यातून शेवटपर्यंत वाचता येईल ती तुझी. बाकीच्या दोन परत आण."

सल्ला उत्तम होता. त्यात एकच खोट होती, ती म्हणजे दुर्बिणीमागचा डोळा. पण त्याबद्दल क्लेमला काही ठाऊक नव्हतं आणि आर्वोला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

आर्वो दुर्बिणीवर एवढा का अडून बसला होता, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी शिकारीच्या चौथ्या दिवशी तो नेहमीच्या मचाणावर बसला होता. उजेड संपत आला होता. समोरच्या देवदारांच्या कडेला एक तपकिरी पाठ दिसली, खाली वाकलेली. आर्वोनं बंदूक खांद्याला लावली, दुर्बिणीतली फुली त्या पाठीवर ठेवली आणि घोड्यावर बोट नेलं. मग ती पाठ सरळ झाली आणि तिनं खाकरून थुंकलं. हरणं थुंकत नाहीत. तो रुडी होता, हेल्मीचा धाकटा भाऊ. चालून घाम आला म्हणून त्यानं शिकारी एकमेकांना दिसावेत यासाठीचं नारिंगी जाकीट काढून काखेत मारलं होतं आणि तो बुटाची नाडी बांधत होता.

आर्वोनं बंदूक खाली ठेवली. मचाणाची शिडी उतरायला त्याला पाव तास लागला. त्या रात्री शिकाऱ्यांच्या कॅम्पवर तो जेवला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. वर्षभरात ती पाठ त्याला शंभरदा दिसली असेल. शेगडीपाशी, चर्चमध्ये, न्हाताना. आणि दर वेळी तो स्वतःला एकच गोष्ट सांगे, काच जुनी झाली आहे.

खिडकीतून शंभर पावलांवर चर्चची पाटी होती. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं सरकवून पाद्रीबाबा दर आठवड्याला काहीतरी लिहीत. पाटीवरचा दिवा कधीच गेला होता, त्यामुळे परीक्षेला ती फारच सोयीची. बरोबर उत्तर आधी ठाऊक असावं म्हणून आर्वो दुपारी जवळ जाऊन पाटी वाचून आला होता: 'शनिवारी पॅस्टी विक्री. सलगम घातलेल्या.' पॅस्टी म्हणजे मांस-बटाट्याची मोठी भाजलेली करंजी. मग संध्याकाळी तिन्ही दुर्बिणींतून त्यानं पाहिलं, आणि गंमत म्हणजे त्याला वाचता आलं. काळ्यावर काहीतरी पांढुरकं होतं. ते पॅस्टीच असणार हे कळत होतं. छप्पन्नमधून सलगमसुद्धा असल्यासारखं वाटलं.

अडचण एवढीच होती की चर्चच्या पाटीला लागूनच बर्निस पेल्कोनेनच्या न्हाणीघराची खिडकी होती.

बर्निस म्हणजे गावातली निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला तिनं पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला कोपऱ्यात उभं केलं होतं. बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"हेल्मी, तुझ्या स्वयंपाकघरातून तीन डोळे माझ्या न्हाणीघराकडे बघतायत."

"ते आर्वोचे आहेत."

"माणसाला तीन डोळे नसतात."

"दुर्बिणी आहेत, बर्निस. तो चर्चची पाटी वाचतोय."

"दोन दिवस? दोन ओळी आहेत त्या पाटीवर! आम्ही एका वर्गात होतो तेव्हासुद्धा एवढा मंद नव्हता तो."

"तू निर्धास्त राहा. त्याला समोरच्या ताटातलं दिसत नाही, तुझ्या खिडकीतलं काय दिसणार?"

हे हेल्मी सहज बोलून गेली आणि फोन ठेवल्यावर तिथंच उभी राहिली. तिला आठवलं, हल्ली आर्वो कॉफी ओतताना कपाकडे बघत नाही. मान कलती करून ऐकतो. कप भरत आल्यावर आवाज बदलतो, त्यावर थांबतो.

बर्निसचं समाधान झालं नाही. गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांनी शेरिफच्या कचेरीतला डेप्युटी नोलन दारात उभा राहिला. तिशीचा, भला माणूस, टोपी हातात.

"आर्वो, तक्रार आहे. लिहून घ्यावी लागेल. बायकांच्या खिडकीत…" बोलता बोलता त्याची नजर पिठाच्या पिशवीवर गेली. "ती छप्पन्नची आहे का?"

"छप्पन्न, आठ पट."

"बघू?"

"बघ की. पण वेळ पाच वीसची आहे. अजून दहा मिनिटं उजेड जास्तय."

नोलननं वही टेबलावर ठेवली, टोपी वहीवर ठेवली आणि स्टूल ओढलं. हेल्मीनं न विचारता कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे केला. पाच पंधराला रुडी आला, धुरी दिलेला मासा कागदात गुंडाळून. दारातल्या पोलिसाच्या गाडीकडे बघून तो मागच्या मागे वळणार होता, पण हेल्मीनं खिडकीतून हाक मारली. पाच अठराला बर्निस स्वतः आली.

"तक्रार नोंदवायला माणूस पाठवला तर तो इथं पाव खातोय!"

"चौकशी चालू आहे, मॅडम," नोलन तोंड पुसत म्हणाला. तिसरीच्या वर्गात तिनं त्याला कोपऱ्यात उभं केलेलं होतं. "तुम्हीच बघा ना. इथून नक्की काय दिसतं ते कळायला हवं."

बर्निस वाकली. पन्नासमधून बघितलं, मग छप्पन्नमधून. बराच वेळ बघितलं.

"माझी खिडकी तर नुसती दुधी काच दिसतेय," ती शेवटी म्हणाली. "आत काहीच दिसत नाही." तिच्या आवाजात सुटकेबरोबर थोडा हिरमोडही होता, असं हेल्मी पुढे कित्येक दिवस म्हणत असे.

"झालं तर मग," आर्वो खुशीत म्हणाला. "आता आलाच आहात तर नीट परीक्षा करू. सगळ्यांनी तिन्हीतून पाटी वाचायची. पाच वीस झाले. हेल्मी, दिवा!"

दिवा गेला. बाहेर निळसर काळोख उतरत होता. आर्वो पहिला बसला. चाळीसला डोळा लावला, पन्नासला लावला, छप्पन्नला लावला आणि शाळेतल्या हुशार पोरासारखं खणखणीत वाचलं, "शनिवारी पॅस्टी विक्री. सलगम घातलेल्या. तिन्हीतून दिसतं, पण छप्पन्नमधून जास्त ठसठशीत."

मग नोलन बसला. त्यानं चाळीसमधून पाहिलं आणि थांबला. पन्नासमधून पाहिलं. वर बघून त्यानं हेल्मीकडे पाहिलं.

"वाच ना," आर्वो म्हणाला.

"'शिकाऱ्यांसाठी प्रार्थना,'" नोलन हळू आवाजात म्हणाला. "'रविवार, सकाळी नऊ.'"

"काय?"

"पॅस्टींची सगळी नोंदणी झाली, म्हणून दुपारी पाद्रीबाबांनी अक्षरं बदलली," बर्निस म्हणाली. "माझ्याकडूनच शिडी नेली होती."

रुडीनं वाचलं. तेच. बर्निस तर दुर्बिणीशिवाय खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "'प्रार्थना' एवढं तर मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. मार्चमध्ये मोतीबिंदू काढला माझा. त्याआधी मला वाटायचं, माझं घर मळकट पिवळं आहे. काढल्यावर बघते तर पांढरंशुभ्र. दोन वर्षं रंगाऱ्याशी उगाच भांडले."

 अंधारात आर्वो पुन्हा स्टुलावर येऊन बसला. दिवा लावावा की नाही हे हेल्मीला कळेना. तिनं लावला नाही.

"मला ती पॅस्टी दिसत होती," आर्वो म्हणाला. "शपथेवर सांगतो. दिसत होती."

"असेल," हेल्मी म्हणाली.

"गेल्या वर्षी हरीणही दिसलं होतं." तो स्टुलावरून वळला. मग एकदम म्हणाला, "रुडी, ते हरीण नव्हतं. तू होतास. देवदारांपाशी. फुली तुझ्या पाठीवर होती आणि बोट घोड्यावर."

 हेल्मीनं टेबलाची कड धरली.

"ठाऊक आहे मला," रुडी म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"नाडी बांधून उभा राहिलो तर समोर मचाणावर तू, आणि बंदूक माझ्याकडे. मी थिजलोच. मग तू ती खाली ठेवलीस. वर्षभर मी कुणाला बोललो नाही."

"का नाही बोललास? मला शिव्या घालायच्या होत्यास!"

रुडीनं मान खाली घातली. "मला वाटलं, तुला कळलं असेल."

"काय कळलं असेल?"

"काही नाही."

"रुडी!" हेल्मी म्हणाली. धाकटा भाऊ साठ वर्षांचा झाला तरी त्या आवाजापुढे आठ वर्षांचाच असतो.

"ती खोपी," रुडी पुटपुटला. "गोठलेल्या तळ्यावरची, मासे धरायची. आर्वोनं बांधलेली. चोरीला नाही गेली ती. मी न विचारता नेली होती. बर्फ वितळायच्या आत ओढून आणायची ती राहिली. गेल्या वर्षी मार्चअखेर गेलो तर नुसता धुराड्याचा पाइप वर. माझ्या डोळ्यांदेखत तोही गेला. मला वाटलं, आर्वोला कुणीतरी सांगितलंय आणि तो मला… म्हणजे जरा दम देतोय."

"माझी खोपी तळ्यात आहे?"

"शेगडीसकट."

"थांबा," नोलन अंधारातून म्हणाला. "त्या चोरीची तक्रार माझ्याकडे आहे. तीन गावांत तपास केला मी. तळ्यापलीकडे जंगलात राहणाऱ्या त्या माणसाला दोनदा कचेरीत बसवलं!"

"त्याला मी मासा दिला," रुडी म्हणाला. "दोनदा."

पहिली हसली बर्निस. मग हेल्मी, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती एकाएकी उठून भावाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, बरोब्बर त्या जागी जिथं फुली असेल असं तिला वाटलं. आर्वो ते बघत होता. तेवढं त्याला अंधारातही दिसलं.

"चूक माझीही होती," रुडी म्हणाला. "जाकीट काढायला नको होतं."

"जाकीट काढलेल्या माणसाला गोळी घालायची असते का?" आर्वो म्हणाला. उठून त्यानं दिवा लावला आणि तिन्ही दुर्बिणी पुसून खोक्यांत भरल्या. त्यांच्यावरचं पीठ काही केल्या पूर्ण निघेना.

शुक्रवारी त्यानं तिन्ही क्लेमला परत केल्या. कारण सांगितलं नाही, "नीट दिसत नाही" एवढंच म्हणाला. सोमवारी हेल्मीनं त्याला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि विचारलं, "गाडी कोण चालवत आलं?"

"मी," हेल्मी म्हणाली.

"छान केलंत."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डाव्याची तारीख मिळाली बारा डिसेंबर, उजव्याची जानेवारीत. शिकारीचा हंगाम तीस नोव्हेंबरला संपतो. चौदाव्या वर्षापासून आर्वोचा एकही हंगाम चुकला नव्हता. तारखेचा कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला.

कॅम्पवर मात्र तो गेला, बंदूक न घेता, स्वयंपाकाला. पाच दिवस त्यानं बटाटे सोलले, वाफेच्या न्हाणीची, सॉनाची शेगडी पेटवली, भांडी घासली. पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की कॅम्पवर भांडी असतात. सहाव्या दिवशी संध्याकाळी रुडी म्हणाला, "चल मचाणावर. नुसता बस."

रुडीनं जाकीट घातलं होतं. टोपी नारिंगी, हातमोजे नारिंगी, विजारही नारिंगी. एवढ्यावर भागलं नाही म्हणून गळ्याला नारिंगी फडकं.

"हरणांना काय वाटेल?" आर्वो म्हणाला.

"हरणांना रंग कळत नाही. तुझ्यासाठी आहे ते."

दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. सव्वापाचला देवदारांपाशी काहीतरी हाललं. रुडीनं बंदूक उचलली, दुर्बिणीला डोळा लावला आणि तसाच बसून राहिला.

"हरीणच आहे ना?" तो कुजबुजला.

"मला विचारतोस?"

रुडीचे खांदे हसण्यानं हलायला लागले. त्यानं बंदूक खाली घेतली. पुन्हा उचलली. तो आकार सावकाश आडवा झाला. मान, पाय, शेपटी, सगळं एकेक करून वेगळं होईपर्यंत त्यानं वाट पाहिली. तेवढ्यात शेपटीचा पांढरा झुपका वर झाला आणि हरीण झाडीत गेलं. दोघांपैकी कुणीच हळहळलं नाही. "हरीणच होतं," रुडी म्हणाला.  

डाव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा त्यानं पहिल्यांदा हेल्मीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"काय?" ती म्हणाली. "सुरकुत्या मोजतोयस?"

"नाही. तुझा स्वेटर हिरवा आहे होय? मला वाटायचं करडा आहे."

"दहा वर्षं घालतेय तो. म्हणूनच कधी काही बोलला नाहीस!"

जानेवारीत उजव्या डोळ्यासाठी तो पुन्हा दवाखान्यात गेला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. बाकावर कोपऱ्यात एक माणूस टोपी कपाळावर ओढून, कॉलर कानापर्यंत वर करून बसला होता आणि हातातला कागद कधी जवळ तर कधी लांब धरत होता. डाव्या, नव्या डोळ्यानं आर्वोनं त्याला दारातूनच ओळखलं.

"क्लेम?"

"हळू बोल!"

"तू इथं कसा?"

क्लेमनं आजूबाजूला पाहिलं. "तुझ्यामुळेच. तू त्या दुर्बिणी परत आणल्यास ना, नीट दिसत नाही म्हणून? मी त्याच दिवशी संध्याकाळी दुकानाबाहेर उभा राहून बघितलं. खरंच दिसेना. म्हटलं, या केटोलानं पीठ घालून बिघडवल्या. तिन्ही कंपनीकडे पाठवल्या."

"मग?"

"परवा परत आल्या. बरोबर चिठ्ठी. दुर्बिणींत कोणताही दोष नाही, कृपया वापरणाऱ्याचे डोळे तपासावेत." त्यानं सुस्कारा टाकला. "चिठ्ठी नातीनं वाचून दाखवली. अक्षर फार बारीक होतं."

आर्वो त्याच्या शेजारी बसला. हसायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि जवळजवळ जमवलंही. मग क्लेमच्या हातातला कागद काढून घेतला, बाकावरचं पेन उचललं.

"आण, मी भरतो. कुठला डोळा?"

"दोन्ही लिही."

"किती दिवसांपासून त्रास?"

"कुणास ठाऊक. भागाकार करायला कधी डोळे लागले नाहीत."

"व्यवसाय?"

क्लेम ट्रेमेननं पुन्हा आजूबाजूला पाहिलं. समोर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. शेवटी त्यानं टोपी आणखी खाली ओढली.

"किराणा," तो म्हणाला. "किराणा लिही."